केळीच्या कोल्ड स्टोरेजमधला एक दिवस

मी कोल्ड स्टोरेजच्या ऑटोमेशनची कामं करतो. 2025च्या सप्टेंबरात सावद्याकडच्या एका काकांचा फोन आला, केळीच्या प्रीकूलिंगची, म्हणजे तोडलेला माल आधी थंड करायची, त्यांची चार खोल्यांची बिल्डिंग, कॉम्प्रेसर चालू-बंद करणारा कंट्रोलर मीच बसवलेला. काका सरळ म्हणाले, "मले सांग, तुहं मशीन हुशार हाये ना, मंग बिल कायले वाढलं?"

सकाळी जळगावहून निघालो, भुसावळजवळ दीपनगरच्या वीज केंद्राच्या चिमण्या दिसल्या तेव्हाही माझ्या डोक्यात कॉम्प्रेसर, गॅस लीक, दाराचं रबर असलंच चाललं होतं. पोचून पाहतो तर मशिनरी एकदम ठणठणीत. चूक माझी होती.

कंट्रोलरमध्ये मी जुनं वेळापत्रक टाकलेलं, तेव्हा रात्री 10 ते सकाळी 6 विजेच्या युनिटमागे दीड रुपया सूट असायची म्हणून रात्री दहाच्या ठोक्याला कॉम्प्रेसर जोरात, अन् दिवसा खोल्या जरा सैल सोडायच्या. पण जुलै 2025 पासून गणित उलटं झालं, सकाळी 9 ते संध्याकाळी 5 स्वस्त आणि 5 पासून मध्यरात्रीपर्यंत महाग. कारण सगळ्यांना माहितीये, दुपारी सोलरची वीज भरपूर, आपल्या साक्रीकडेच 125 मेगावॅटचा प्लांट 2013 पासून चालू आहे, आणि सूर्य कलला की तीच मागणी बाकीच्या वीज केंद्रांनी उचलायची. म्हणजे माझं हुशार मशीन दोन महिने रोज दहा ते बारा, ग्रिडवर ताण असताना, मन लावून वीज ओढत होतं. काकांना सांगताना लाज वाटली.

वेळा बदलल्या की झालं असं वाटलं, तसं नाही. केळी 13 अंशांच्या खाली नेता येत नाही, साल काळपट पडते, नंतर पिकली तरी रंग येत नाही, त्यामुळे दुपारी ढीगभर थंडी साठवून रात्रभर वापरू ही आयडिया इथे फार चालत नाही. खरा लोड म्हणजे बागेतून आलेला गरम माल, आणि तो ट्रक रोज पाचला लागायचा! बरोब्बर महाग वेळेला. हे काय सॉफ्टवेअरने सुटणार? कटाईच्या मुकादमाला बोलावलं. तो म्हणाला कटाई लवकर धरली तर निम्मा माल अकरापर्यंत येईल, पण पोरांना चहा-नाश्ता बांधावरच पाहिजे.

बोलणं चालू असतानाच परतीचा पाऊस आला अन् सव्वापाचला लाईट गेली. सहाला आली तशी मी पॅनलकडे पळालो, कारण खोल्या थोड्या तापलेल्या, चारही कॉम्प्रेसर एकदम उठले तर फुल लोडवरच चालत राहणार. सुरू होतानाचा झटका काही सेकंदांचा, त्याने मॅक्झिमम डिमांड, म्हणजे बिलात धरली जाणारी सगळ्यात मोठी ओढ, फार हलत नाही, ती अर्ध्या तासाच्या सरासरीवर मोजतात, पण चौघं अर्धा तास सलग पळाले तर काँट्रॅक्ट डिमांडच्या, म्हणजे वीज कंपनीशी ठरलेल्या मर्यादेच्या, वर गेलोच, आणि वरच्या प्रत्येक केव्हीएला (ही ओढ मोजायचं एकक) दीडपट दर. दोन मॅन्युअलवर टाकून रोखून धरले. काका थर्मामीटर घेऊन दारात उभे, 13.6, 13.9, 14.2. "पोरा, माल गेला तर?" म्हटलं काका, चौदाला केळीला काही होत नाही, दार तेवढं लावा. पाऊण तासाने आधीच्या दोन कॉम्प्रेसरचा लोड उतरला मग बाकीचे दोन सोडले, साडेआठपर्यंत सगळ्या खोल्या जागेवर.

त्या रात्री तिथेच बसून लॉजिक नव्याने लिहिलं, लाईट आल्यावर दोन-दोनच उठतील असं. कटाईची वेळ मात्र मुकादमानेच बदलली, चार दिवसांनी. काकांनी नाश्त्याचे पैसे कबूल केले, पण बिल कमी झाल्यावरच देईन म्हणाले, तोवर तू दे.