तुम्ही विचारलंत म्हणून: परत चालायला कशी लागले

"काकू, तुम्ही परत चालायला कशा लागलात? नेमकं काय केलंत?" भाजीवालीपासून विहीणबाईंपर्यंत सगळ्यांचं विचारून झालंय. फोन करणाऱ्याच्या घरात बहुतेक वेळा कोणीतरी अंथरुणाला खिळलेलं असतं, म्हणून तोडून बोलवत नाही. पण उत्तर त्यांनी आधीच ठरवलेलं असतं: जिद्द. मी फक्त मान डोलवायची.

पाठ फेब्रुवारीपासून दुखत होती. ब्लाउजच्या खालच्या कडेशी कोणी पट्टा आवळावा तशी. एरवीची पाठदुखी आडवं झालं की निवते, ही आडवं झालं की पेटायची. कित्येक रात्री खुर्चीत बसून काढल्या. ज्यांना दाखवलं त्यांनी एक्स-रे बघून "मणक्यात गॅप आहे" म्हणत बेल्ट दिला. त्यांना मी मनातल्या मनात खूप शिव्या घातल्यात. पण सहा वर्षांपूर्वी स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालंय हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं. त्यांनी विचारलं नाही, मी बोलले नाही. मणक्याचं बरंचसं हाड पोखरलं जाईपर्यंत साध्या एक्स-रेत काही दिसत नाही, हे पुढे कळलं.

मग मे महिना, पुतण्याचं लग्न. हळदीच्या दिवशी दुपारी कार्यालयाच्या अंगणातून मी ताटं घेऊन चालले होते. मागून जावेची नात धावत आली. "आजी, तुझी एक चप्पल तिकडेच राहिली की!" खाली बघितलं तर उजवा पाय अनवाणी. दहा-बारा पावलं मी तशीच आले होते, मे महिन्याच्या तापलेल्या फरशीवरून. बाकीची माणसं त्या फरशीवर उड्या मारत होती. मला फरशीच लागली नव्हती. रात्री तळव्याला रुपयाएवढा फोड दिसला. त्यावर बोट दाबलं. दुसऱ्या कोणाचा तरी पाय दाबावा तसं वाटलं.

तेव्हा मला कळलं होतं. काय झालंय ते नाही, पण काहीतरी झालंय हे नक्की. सकाळी जाऊबाईंनी विचारलं तर म्हटलं, "नाचून नाचून फोड आला." सगळ्या हसल्या. लग्नाच्या दिवशी भिंत धरून वावरले, पंगतीला बसलेच नाही, कारण बसले तर उठता येणार नाही अशी भीती होती. वरातीत खुर्ची टाकून बसले. तिसऱ्या दिवशी पहाटे पाय उचललेच जाईनात आणि आदल्या रात्रीपासून लघवीही झाली नव्हती.

त्या दोन दिवसांवरून मी त्या बाईशी, म्हणजे माझ्याशीच, अजून भांडते. मी म्हणते, त्याच रात्री सांगितलं असतंस तर चालत दवाखान्यात गेली असतीस. ती म्हणते, आणि लग्नघरात रडारड? पोराच्या डोक्यावर अक्षता पडलेल्या बघितल्यास ना? त्या बघितल्या, हे खरंच आहे.

तो जुना कॅन्सर मणक्यात उतरला होता आणि तिथली गाठ पाठीतल्या मज्जारज्जूला दाबत होती. पुढचं भराभर झालं. स्टिरॉइडचं इंजेक्शन, रात्रीच एमआरआय, दुसऱ्या दिवशी पाठीत स्क्रू आणि रॉड, जखम भरल्यावर दहा शेक, म्हणजे कॅन्सरवरचं रेडिएशन. कूस बदलायची तर तिघांनी मिळून ओंडक्यासारखं वळवायचं. नवव्या दिवशी डाव्या पायाचा अंगठा हलला. तो मी हलवला असं लोक म्हणतात. मी आठ दिवस तितक्याच जोराने हलवत होते, त्या दिवशी तो हलला, एवढंच. मग ब्रेस, पलंगाच्या कडेला बसणं, बसल्यावर येणारी भोवळ, समांतर दांड्या, वॉकर. अकरा आठवडे. फिजिओथेरपीवाली मुलगी रोज यायची. तिचं श्रेय कोणी विचारत नाही. तेल कुठलं लावलं ते मात्र विचारतात.

2005 साली अमेरिकेतला एक अभ्यास छापून आला होता. मणक्यातल्या गाठीमुळे ज्यांचं चालणं गेलं होतं, त्यांच्यापैकी ऑपरेशन आणि शेक दोन्ही मिळालेले 16 पैकी 10 जण परत चालले. नुसते शेक मिळालेले 16 पैकी 3. आणि पाय पूर्ण लुळे पडून 48 तास उलटलेल्यांना त्या अभ्यासात घेतलंच नव्हतं. त्या उरलेल्या सहा आणि तेरा जणांत जिद्द कमी होती का? माझ्या शेजारच्या कॉटवरची बाई माझ्यापेक्षा चौपट जिद्दी होती. तिला आणायला आठवडा गेला होता. ती व्हीलचेअरवर घरी गेली. तुम्ही मला जिद्दी म्हणता तेव्हा तिला काय म्हणता?

म्हणून कोणी विचारलं की मी उलटं विचारते: पाय कधीपासून जड वाटतात? चप्पल निसटते का? लघवी होते ना? लोकांना राग येतो. त्यांना माझी गोष्ट हवी असते, मी त्यांना आजच्या आज गाडी करायला सांगते.

"पण आता पूर्ण बऱ्या ना?" नाही. आजार हाडात आहे, औषध चालू आहे, दर तीन महिन्यांनी हाडांचं इंजेक्शन. चालते, पण पाऊल कुठे पडलंय ते आजही डोळ्यांनी बघावं लागतं. मागे पट्टा असलेली सँडल घालते. परवा रात्री स्वयंपाकघरातून खोलीकडे येताना लाइट गेली आणि दोन्ही पाय कुठे आहेत ते मला कळेना. चौकट धरून तशीच उभी राहिले. लेकाने मोबाइलचा उजेड पायांवर धरला, मग निघाले.