एक पाऊस, चार कपाटं

"ताई, तुम्ही नक्की काय वाचता?"

हा प्रश्न मी आयुष्यभर ऐकत आले. तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयात मी ३१ वर्षं देवघेवीच्या टेबलाशी बसले. पुस्तक द्यायचं, परत आलेलं तपासून घ्यायचं, चिठ्ठीवर तारखेचा शिक्का मारायचा आणि मधल्या मोकळ्या वेळात हाताला लागेल ते वाचायचं. आज माझ्यापुढे पंचांग उघडं असायचं, उद्या पक्ष्यांचं पुस्तक, परवा कुणाचं तरी आत्मचरित्र. सभासद ते बघायचे आणि विचारायचे. मी निवृत्त झाले तरी विचारतात. परवा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी एक मुलगी जरा काळजीनेच म्हणाली, "तुम्ही एक विषय धरून का नाही वाचत? असं सगळीकडचं थोडं थोडं वाचून पक्कं काय होतं?"

तिला बस गाठायची होती, म्हणून तेव्हा बोलणं राहिलं. पण तिच्यासारखंच आणखीही कितीतरी जणांनी विचारलंय. तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

पावसापासून सुरुवात करते. मे संपत आला की आमच्या गावाबाहेरच्या आमराईत पावशा ओरडायला लागतो. आजी म्हणायची, तो कुणब्याला सांगतोय, 'पेर्ते व्हा, पेर्ते व्हा.' लहानपणी मला तेवढं पुरेसं होतं. वाचनालयात लागल्यावर पक्ष्यांच्या पुस्तकात तोच पावशा भेटला. तिथे कळलं की हिंदी मुलखात हीच हाक 'पी कहाँ' अशी ऐकू येते, बंगालीत 'चोख गेलो', म्हणजे डोळा गेला, आणि इंग्रजांनी त्याचं नावच 'ब्रेनफीवर बर्ड' ठेवलं. पक्षी एक, हाक एक. वाट बघणाऱ्याला त्यात आपलं माणूस ऐकू आलं, उन्हाने कावलेल्या साहेबाला डोक्यात चढलेला ताप आणि आमच्या आजीला पेरणी. ते पान वाचून मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ तशीच बसून राहिले. आजी खोटं सांगत नव्हती. ती कुठल्या मातीवर उभी राहून ऐकत होती, ते मला त्या दिवशी समजलं.

आता पेरणी म्हटलं की मृग आला. मृग म्हणजे काय, ते पक्ष्यांचं पुस्तक सांगत नाही. त्यासाठी पंचांग उघडावं लागतं. पंचांग हे वाचायचं पुस्तक आहे असं कुणी धरतच नाही. मुहूर्त बघायचा, चतुर्थी बघायची आणि खुंटीला अडकवायचं. मी मात्र ते पहिल्या पानापासून वाचलंय. आकाशातल्या सूर्याच्या वाटेचे २७ भाग. एकेक भाग ओलांडायला सूर्याला १३-१४ दिवस लागतात. जूनच्या ७-८ तारखेला तो मृगात जातो, मग आर्द्रा, मग पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा. पावसाच्या प्रत्येक नक्षत्राला वाहन, कधी बेडूक, कधी म्हैस, कधी मोर, कधी हत्ती. वाहनावरून पावसाचा अंदाज मी बांधत नाही. पण पुनर्वसूच्या पावसाला 'तरणा' आणि पुष्याच्या पावसाला 'म्हातारा' म्हणणाऱ्या माणसांनी पाऊस किती निरखला असेल, हे त्या दोन शब्दांतच कळतं.

पुढे शंकर बाळकृष्ण दीक्षितांचं 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हाती आलं. १८९६ सालचं पुस्तक. दीक्षित दापोली तालुक्यातल्या मुरूडचे, पेशाने शिक्षक. नावावरून भविष्याचं पुस्तक समजून सभासद ते घरी न्यायचे आणि दुसऱ्या दिवशी परत आणून द्यायचे. त्यात आहे आपल्याकडच्या आकाशनिरीक्षणाचा आणि गणिताचा इतिहास. सगळं मला समजलं असं नाही, पण अयनचलन समजलं आणि त्याने मला झपाटलं. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा अतिशय सावकाश डुलतो. त्यामुळे नक्षत्रांवरून मोजलेलं वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा सुमारे २० मिनिटांनी मोठं भरतं. ही २० मिनिटं साठत जातात आणि ७० वर्षांत साधारण एक दिवस होतो. म्हणजे मृग दर ७० वर्षांनी एकेक दिवस पुढे सरकतोय!

त्या दुपारी वाचनालयात कुणी नव्हतं. मी पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला. आजच्या कॅलेंडरच्या तारखा धरल्या तर शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या वेळी, १६७४ साली, सूर्य मृगात जायचा तो आजच्यापेक्षा पाचेक दिवस आधी. जुने ज्योतिषी वराहमिहिर यांच्या काळात, सहाव्या शतकात, मेच्या तिसऱ्या आठवड्यात. मोसमी पाऊस नक्षत्रांसाठी थांबत नाही, तो सूर्याच्या उत्तर-दक्षिण फेऱ्याबरोबर येतो. मग मृग आणि पेरणी यांची गाठ अनादि काळापासूनची कशी असेल? माझ्या मते ती कुठल्यातरी पिढ्यांनी आकाश आणि शेत दोन्हीकडे बघत जुळवलेली आहे आणि पुढच्या पिढ्यांना ती हलवून घ्यावी लागणार आहे. हा निष्कर्ष मला कुणी शिकवलेला नाही. चार पुस्तकांच्या मध्ये तो पडलेला होता, मला सापडला. त्या आनंदाची बरोबरी कुठल्या बक्षिसाने होत नाही.

आता गंमत अशी की वाचनालयात ही चार पुस्तकं एकत्र कधीच नसतात. पुस्तकांना विषयवार आकडे देणाऱ्या दशांश वर्गीकरणात पक्षी ५९८ मध्ये, कालगणना आणि पंचांग ५२९ मध्ये, खगोल ५२० मध्ये आणि पेरणी पार ६३० मध्ये, शेतीच्या कपाटात. पाऊस एकच, त्याची चार कपाटं. कपाटांना मी नावं ठेवत नाही. मी स्वतः ती लावली आहेत, पाठीवर आकडे चिकटवले आहेत, आणि त्याशिवाय दहा हजार पुस्तकांतून एक शोधून देता येत नाही. पण ती सोय शोधणाऱ्यासाठी आहे. 'एक विषय धरून वाचा' म्हणजे शेवटी एकाच कपाटापुढे उभं राहा. परीक्षा द्यायची असेल तर जरूर उभं राहावं, तेव्हा तेच बरोबर. मला मात्र पाऊस हवा होता.

दुसरी गोष्ट सांगायला जड आहे, पण तिच्याशिवाय उत्तर पुरं होणार नाही.

त्र्यंबक नारायण आत्रे यांचं 'गावगाडा' १९१५ साली आलं. गाव कसं चालायचं ते त्यात तपशिलाने लिहिलंय. काळी म्हणजे शेतजमीन, पांढरी म्हणजे वस्ती. सुतार, लोहार, चांभार, महार, मांग, कुंभार, न्हावी, परीट, प्रत्येकाचं काम आणि त्याबदल्यात खळ्यावर मिळणारं बलुतं. विशीत मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा भिंतीवरचं घड्याळ उघडून आतली चाकं बघावीत तसं वाटलं होतं. आत्रे त्या व्यवस्थेची आरती करत नाहीत, दोष उघड दाखवतात. तरी घड्याळ बाहेरून उघडलेलं होतं.

दोन वर्षांनी दया पवारांचं 'बलुतं' वाचलं, १९७८ सालचं. गाव तसंच, व्यवस्था तीच, आणि सांगणारा त्या चाकाखालचा. महारांच्या ज्या बावन्न हक्कांबद्दल ऐकलं होतं, ते हक्क म्हणजे काय ते तिथे कळलं. कामाला दिवस-रात्र नाही. गावात कुणी मेलं तर ती बातमी गावोगाव पोचवायची. अंमलदार आला तर त्याच्या घोड्यापुढे पळायचं. आणि मोबदला म्हणून धान्य मागायला जायचं. 'बलुतं' हा शब्द पहिल्या पुस्तकात धान्याचा वाटा होता. दुसऱ्या पुस्तकात तो एका मुलाच्या वाट्याला आलेला जन्म होता.

मी 'गावगाडा' पुन्हा काढलं. अक्षरं तीच होती. पण पहिल्या वेळी ज्या कामांच्या यादीवरून मी सरसर पुढे गेले होते, तिथे आता पानाशी थांबले, आणि मला लाज वाटली. माझं माहेर शेतकऱ्याचं. खळ्यावर बलुतं घालणारे हात आमच्या घरातले होते. एकाच प्रकारची पुस्तकं वाचत राहिले असते तर ती लाज मला कधी वाटली नसती आणि मी स्वतःला गावाची जाणकार समजून म्हातारी झाले असते. माझ्या आयुष्यातली ही भीती खरी आहे. म्हणून कुठल्याही विषयावरचं एक पुस्तक फार आवडलं की मी मुद्दाम दुसऱ्या कपाटाकडे जाते. पाहणीचं पुस्तक आवडलं तर आत्मचरित्र शोधते, आत्मचरित्र आवडलं तर आकडे शोधते.

सगळंच वाचन असं जड नसतं. विष्णुभट गोडसे यांचं 'माझा प्रवास' मी शेजारी भारताचा नकाशा पसरून वाचलं. पेणजवळच्या वरसईहून भटजी दक्षिणा मिळवायला उत्तरेत गेले आणि १८५७ च्या धामधुमीत सापडले. झाशीला वेढा पडला तेव्हा ते आत होते. मिळवलेलं लुटलं गेलं आणि खांद्यावर गंगेची कावड घेऊन ते पायी घरी आले. नकाशावर वरसई ते झाशी मी बोटांनी मोजलं, आणि इतिहासाच्या पुस्तकात एका परिच्छेदात संपणारं ते वर्ष चालणाऱ्या माणसाच्या पायांना किती लांब असेल ते पहिल्यांदा जाणवलं. नकाशाही वाचायचाच असतो. शब्दकोशही. दुपारी जेवणानंतर शब्दकोशाचं कुठलंही पान काढून पडल्या पडल्या वाचावं, त्यासारखी विश्रांती नाही.

आणि पाककृतींची पुस्तकं! कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' १९७० साली आली. आमच्या वाचनालयातली प्रत तीनदा बांधून घेतली. ती टेबलावर नुसती सोडली तरी आपोआप एका ठरावीक पानाशी उघडायची, कारण तिथे शिवण सैल झाली होती, आणि त्या पानावर हळदीची बोटं होती, एकाची नाही, कित्येक घरांची. मी ते पान कधी पुसलं नाही. पुस्तक कसं वाचलं गेलं ते पुस्तकावरच उमटतं, आणि मला तेही वाचायला आवडतं.

मात्र सगळ्यात जास्त झिजल्या त्या रहस्यकथा. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक लिहिल्या, आणि आमच्याकडे होत्या त्यांतल्या बहुतेकांची पहिली पानं तरी गेली होती नाहीतर शेवटची. रहस्यकथा वाचणाऱ्याला कमी लेखणारे सभासद मी पुष्कळ पाहिले आणि प्रत्येक वेळी मला त्याचा राग आला. पान उलटायची घाई ज्याला माहीत नाही, त्याला वाचनाची ओढ कशी समजणार? माझ्या वडिलांनी आयुष्यभर रहस्यकथाच वाचल्या. रात्री कंदील मोठा केला म्हणून आईचं बोलणं खात वाचल्या. वाचता वाचता जेवण विसरणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला तो त्यांच्या रूपाने.

त्यांच्यासारखेच एक सभासद होते, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हरकाका. आठवड्याला दोन रहस्यकथा, वर्षानुवर्षं, दुसरं काही नाही. मीही कधी दुसरं पुढे केलं नाही. एकदा जूनमध्ये पुस्तक परत करताना त्यांनी टेबलावरचं पक्ष्यांचं पुस्तक पाहिलं आणि विचारलं, "ताई, हा पावशा एवढा ओरडतो, पण याचं घरटं कधी दिसलं नाही. का हो?"

मी म्हटलं, "काका, तो घरटं बांधतच नाही. सातभाई पक्ष्यांच्या घरट्यात गुपचूप अंडं घालून जातो."

"म्हणजे फसवणूक."

"पुस्तकात सगळं आहे. न्या घरी."

नेलं. आठ दिवसांनी आले ते छत्री मिटायच्या आधीच बोलायला लागले. डेपोमागच्या बाभळीवर सातभाईंचा थवा असतो, त्यावर त्यांनी पाच संध्याकाळी पाळत ठेवली होती. 'पाळत' हा त्यांचाच शब्द. पाचव्या दिवशी त्यांना दिसलं. पट्ट्यापट्ट्यांच्या छातीचं, सातभाईपेक्षा मोठं झालेलं पिल्लू फांदीवर चोच उघडून बसलेलं, आणि दोन सातभाई आळीपाळीने त्याला किडे भरवतायत. काका ते दृश्य हातांनी करून दाखवत होते आणि रांगेतले तिघे-चौघे आपापली पुस्तकं हातात धरून ऐकत उभे होते.

सांगून झाल्यावर त्यांनी पुस्तक पुढे सरकवलं, पण हात त्यावरच ठेवला. "यात त्या सातभाईंबद्दल एकच पान आहे," ते म्हणाले. "त्यांना कळत कसं नाही, ते द्या मला काहीतरी."

मी किल्ल्या घेतल्या आणि उठले.