तुम्ही विचारलंत म्हणून: पाहुण्यांना मी सरांच्याच हवाली का करतो?

"तुम्ही कोल्हापूरचेच, मग पाहुणे आले की गाव दाखवायला त्या सरांकडे कशाला पाठवता?" हे मला नेहमी विचारतात. सर म्हणजे शिवाजी पेठेत वाढलेले एक शिक्षक. रविवारी सकाळी चार-पाच जणांना घेऊन पेठा हिंडवतात. पैसे घेत नाहीत, आणि कुठल्या दुकानाशी त्यांचं कमिशनही बांधलेलं नाही.

अंबाबाईचं दर्शन आणि तांबडा-पांढरा रस्सा मीही घडवतो. सरांचा रस्ता बिंदू चौकातून सुरू होतो. तिथले महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकर यांचे पुतळे ९ डिसेंबर १९५० रोजी बसवले, म्हणजे बाबासाहेब हयात असताना. एवढं सांगून सर गप्प राहतात. पाहुणे पुन्हा वर बघतात.

मग भवानी मंडपावरून खासबाग. राजर्षी शाहू महाराजांच्या काळातलं, १९१२चं हे कुस्तीचं मैदान बशीसारखं खोलगट. सर सगळ्यांना पार वरच्या कडेला बसवतात आणि स्वतः खाली हौद्यापाशी, म्हणजे कुस्तीच्या आखाड्यापाशी, जाऊन उभे राहतात. त्यांच्या पायांपर्यंत सगळं दिसतं. शेजारचं केशवराव भोसले नाट्यगृह २०२४च्या ऑगस्टमध्ये आगीत जळालं. त्याबद्दल मात्र सर फार बोलत नाहीत.

माझ्या मते खरं कोल्हापूर पुढे, तालमीच्या दारात भेटतं.

"काय सर, पाव्हणं कुठलं?"

"पुण्याचं."

"मग भाईर का हुबं? आत या की!"

आत ताक, तेल, हळद, लिंबू मुरलेल्या तांबड्या मातीचा वास. मातीला हात लावून कपाळाला लावायचा, हे पाहुण्यांना कुणी शिकवावं लागत नाही. समोरच्या पोरांचं बघून ते आपसूक तसं करतात. तिथेच कळतं की पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही तालमींची नावं कोल्हापुरात फुटबॉलच्या संघांचीही आहेत. शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठच्या पेठ तिकडे लोटते.

गांधी मैदानावर सर सांगतात, इथे वरुणतीर्थ होतं, तळं. कपिलतीर्थाच्या जागी आता मंडई आहे. पावसाळ्यात या मैदानात पाणी का साचतं, ते त्या सखल जागी उभं राहिल्यावर वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

ही माहिती आता मलाही पाठ आहे. पण मी राजारामपुरीत वाढलो. पेठेतल्या तालमीतून "आत या की" म्हणून मला कोण बोलावणार? सरांच्या मागे तीन पिढ्यांची ओळख चालते, आणि ती ते परक्या माणसाला दोन तासांसाठी खुशाल वापरू देतात. याचं मला मनापासून अप्रूप आहे.

येणार असाल तर शनिवारीच कळवा. पाचाच्या वर माणसं सर घेत नाहीत. तालमीच्या आत, पोरांच्या मेहनतीत अडथळा न आणता, तेवढीच उभी राहू शकतात.