‘ख्रिश्चन आहे ना, मग झालं!’

बायोडेटात ‘धर्म : ख्रिश्चन’ एवढं दिसलं की आमच्या मामीचं काम संपतं. नोकरी आहे, घर स्वतःचं आहे, ख्रिश्चन आहे, मग झालं! गेल्या वर्षी अशाच एका स्थळाला मी विचारलं, घरी प्रार्थना होते का? तो हसला. म्हणाला, ‘नाताळला आणि ईस्टरला जातो ना आम्ही चर्चला.’ माणूस सालस होता, खोटं काही बोलला नाही. मी नकार कळवला आणि मामी बरेच दिवस माझ्याशी तुटक बोलत होती. ‘अवं बाप्पा, पाळकच, चर्चचा धर्मगुरूच पाहिजे का हिला?’

पाळक नको. पण माझ्या अगदी आतल्या वर्तुळात माझ्यासारखाच विश्वास धरणारी माणसं मला हवीत, नवरा तर नक्कीच. त्याआधी ओळखीतल्या एका हिंदू मुलानं विचारलं होतं. ‘तू खुशाल चर्चला जा, मी कधीच अडवणार नाही,’ म्हणाला. कायदाही अडवत नव्हता. 1872 चा ख्रिस्ती विवाह कायदा दोघांपैकी एकच जण ख्रिस्ती असला तरी चालतो, आणि 1954 चा विशेष विवाह कायदा आहेच. पण मला चर्चच्या फाटकापर्यंत सोडून बाहेर गाडीवर थांबणारा जोडीदार नको होता. रविवारचे दोन तास तसे निभतात. पगारातला दशांश, म्हणजे दहावा भाग, देवाच्या कामासाठी काढायचा की नाही, मुलांना रात्री काय शिकवायचं, आजारपणात कुणापुढे हात जोडायचे, हे सोमवार ते शनिवारचे प्रश्न आहेत.

याचा अर्थ मी बाकीच्यांपासून चार हात लांब राहते असा मात्र नाही. मी नागपुरात धंतोलीत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. तिथली माझी सगळ्यात जवळची मैत्रीण बौद्ध आहे, इंदोऱ्याची. माझ्या रविवारच्या ड्यूट्या ती घेते. दसऱ्याला दीक्षाभूमीवर माणसांचा सागर लोटतो तेव्हा तिची ड्यूटी मी करते. तिच्या आजोबांनी 1956 साली बाबासाहेबांबरोबर तिथेच दीक्षा घेतली होती. तिनं घरी स्वच्छ सांगून ठेवलंय की लग्न बौद्ध घरातच करीन आणि बावीस प्रतिज्ञा मानणाऱ्याशीच करीन. लॅबमध्ये माझं म्हणणं सगळ्यात आधी तिलाच कळलं.

बाबा आयसीयूत होते तेव्हा डबा घेऊन तीच आली आणि रात्रभर बाकावर बसून राहिली. चर्चच्या ग्रुपवर हात जोडलेल्या इमोजींची रांग लागली होती. हेही लिहायलाच हवं.

पण त्याच आठवड्यात आमच्या घरगुती प्रार्थनेतली एक ताई आली. तिनं बाबांसाठी प्रार्थना केली, मग मला जिन्यात गाठलं. काकांशी आमचं गावच्या घरावरून बोलणं बंद होतं, ते तिला ठाऊक होतं. म्हणाली, ‘काऊन गं, ‘‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे’’ हे तू प्रभूच्या प्रार्थनेत रोज म्हणते ना? माफ केलं म्हणते, मग काकांना फोन कधी करते?’ मला राग आला. फोन मात्र केला. माझी मैत्रीण माझ्यासाठी जीव टाकेल, पण हा प्रश्न ती मला विचारणार नाही, आणि तिनं का विचारावा? ताईला विचारता येतो, कारण ज्याच्या शब्दाला मी बांधलेली आहे त्यालाच तीही बांधलेली आहे. असं हक्कानं टोकणारं माणूस घरात असावं, एवढीच माझी अपेक्षा आहे.

यावर मामीकडे ठेवणीतलं उत्तर असतं : लक्ष्मीबाई टिळक. ‘नवरा आधी ख्रिस्ती झाला, मग बायको झालीच ना?’ झाली. पण रेव्हरंड टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा, लग्न त्याच्या कितीतरी आधीचं. मधली वर्षं लक्ष्मीबाईंनी नवऱ्यापासून दूर, किती यातनांत काढली, ते मामी सोडून देते. बायबलमध्ये, करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात प्रेषित पौल म्हणतो की आधीच लग्न झालेलं असेल आणि विश्वास न ठेवणारा जोडीदार राहायला तयार असेल तर त्याला सोडू नका. त्याच अध्यायाच्या शेवटी, विधवेनं नव्यानं लग्न करायचं तर ते ‘केवळ प्रभूमध्ये’ करावं, असंही तोच म्हणतो. पदरी पडलेलं निभावणं आणि समोरून निवडणं, या दोन गोष्टी तो वेगळ्या ठेवतो. मी अजून निवडतेय.

मला जास्त चीड येते ती आपल्याच लोकांच्या चाळणीची. 29 नोव्हेंबर 1970 ला याच नागपुरात सहा चर्च-मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सीएनआय) झालं. तरी स्थळ आलं की पहिला प्रश्न काय? ‘कोणत्या चर्चचे? सीएनआय की मेथॉडिस्ट? कॅथलिक तर नाहीत ना?’ हे एक वेळ समजू शकते, उपासनेच्या रीती वेगळ्या असतात, पुढे मुलांच्या बाप्तिस्म्याचा प्रश्न येतो. पण मग चहाचा कप खाली ठेवून, आवाज उतरवून, पुढचा प्रश्न येतो : ‘तसे मूळचे कोण तुम्ही?’ पिढ्यान्पिढ्या एकाच भाकरीतून आणि एकाच प्याल्यातून प्रभुभोजन घेणारी माणसं हे विचारतात. प्रार्थना करतोस का, हे मी विचारलं तर मी आगाऊ ठरते. जात विचारणारे मात्र व्यवहारी.

तशा घरी मी दुसऱ्यांदा जात नाही. मुलगा रोज बायबल वाचत असला तरी.