तुम्ही विचारलंत म्हणून : नव्या पुस्तकात नवीन काय?

व्याख्यान संपलं की प्रश्न येतोच. "पेशवाईवर एवढं लिहून झालंय, तुमच्या पुस्तकात नवीन काय?" विचारणारा इतक्या सौजन्यानं विचारतो की चिडायचीही सोय नसते. "वाचा म्हणजे कळेल," असं म्हणून मी आजवर वेळ मारून नेली.

चिडायची मुभा असती तर म्हणालो असतो : इतिहासकार राजवाड्यांनी 1898 मध्ये मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड छापला, पुढे सरदेसायांनी पेशवे दफ्तरातून, म्हणजे पेशव्यांच्या सरकारी कागदपत्रांतून, निवडक कागदांचे 45 खंड काढले, म्हणून दफ्तर संपलं का? 'निवडक' या शब्दाकडे कुणाचं लक्षच जात नाही. न निवडलेले कागद अजून रुमालांत बांधलेले आहेत आणि मोडी वाचणारे थोडे आहेत. छापलेलं पत्रसुद्धा पुन्हा वाचावं लागतं. मागच्यांना ज्यात स्वारी दिसली, त्यातच आज एखाद्याला सावकाराचं व्याज दिसतं. हे सगळं खरंच आहे. पण मी ते जरा जास्तच आवाज चढवून सांगतो, कारण माझ्या पहिल्या पुस्तकातली सगळ्यात नवी गोष्ट चुकीची निघाली होती.

एका वतनदार घराण्याच्या खासगी कागदांत मला एक पत्र मिळालं. घरातल्या कर्त्या पुरुषानं भावाला लिहिलेलं, निजामाकडे जाण्याविषयीचं. तारीख होती छ 10 साबान (साबान हा मुसलमानी महिना, छ म्हणजे चंद्र, त्याची तारीख), सन सलास सितैन मया व अलफ, म्हणजे त्या काळच्या कागदांत चालणाऱ्या शुहूर सनाचं 1163. इसवी सनासाठी मी 599 मिळवून 1762 काढलं आणि पुढे लिहीत सुटलो. राघोबादादा आणि माधवराव पेशवे या चुलत्या-पुतण्यांची आळेगावची लढाई त्या वर्षीच्या नोव्हेंबरातली. म्हणजे घरची भांडणं पेटायच्या कितीतरी आधीच हा गृहस्थ निजामाशी संधान बांधून होता! प्रकरणाला नाव दिलं 'घरातला फितूर'. मलपृष्ठावर 'प्रथमच प्रकाशात' असं छापलं. ते प्रकाशकानं घातलं, असं मी बरीच वर्षं सांगत होतो. मजकूर माझाच होता.

पुस्तकावरच्या एका कार्यक्रमात शेवटच्या रांगेतले एक गृहस्थ उठले. "मी त्याच घरातला," म्हणाले. मला वाटलं, आता पूर्वजांची बदनामी वगैरे सुरू होणार. ते तसं काहीच बोलले नाहीत. पुस्तकात खूण घातली होती, ते पान उघडून त्यांनी एवढंच विचारलं, "सर, साबान त्या वर्षी कोणत्या इंग्रजी महिन्यात आला, ते जंत्रीत, तारखा जुळवायच्या कोष्टकांत, पाहिलंत का?"

"पाहिलंय," मी म्हणालो.

पाहिलं नव्हतं. त्यांनी मान हलवली, "बरं," म्हणाले आणि बसले. ते 'बरं' मला अजून ऐकू येतं. रात्री घरी आल्यावर जंत्री काढली. साबान फेब्रुवारीत होता. शुहूर वर्ष मृग नक्षत्रापासून चालतं, म्हणून मृगापासून डिसेंबरपर्यंत 599 मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत 600, हे मी विद्यार्थ्यांना शिकवत आलोय. पत्र 1763 चं होतं. आळेगावनंतरचं. तोवर कारभार राघोबादादांच्या हाती गेला होता, जुनी माणसं दुखावली होती, खुद्द पेशव्यांचे सरदार गोपाळराव पटवर्धनांनी निजामाचा रस्ता धरला होता. एका आकड्यानं माझा फितूर पोळलेला माणूस झाला.

तेव्हाचा मी अजूनही वाद घालतो. म्हणतो, शे-दीडशे तारखा काढताना एखादी निसटणारच. म्हणतो, कोणत्याही कारणानं गेला तरी शत्रूकडेच गेला ना? त्यात थोडं तथ्य आहे. पण जंत्री पाहायचा कंटाळा का आला, याचं उत्तर त्याच्याकडे नाही. माझ्याकडे आहे : 1762 मुळे गोष्ट फक्कड जमत होती. जमत नसती तर मी चार वेळा ताडून पाहिलं असतं.

दुसऱ्या आवृत्तीत परिच्छेद बदलला, तीन ओळींची तळटीप दिली. प्रकरणाचं नाव मात्र सोडवेना. शेवटी 'घरातला फितूर?' असं नुसतं प्रश्नचिन्ह लावलं. यावर हसायचं तर हसा. त्या गृहस्थांना प्रत पाठवली, पोच आली नाही. दरम्यान माझ्या पहिल्या आवृत्तीवर विसंबून आणखी दोन नवी पुस्तकं निघाली. दोन्हींत 1762 आहे आणि माझं नावही आहे. त्या लेखकांना जाऊन विचारा, नवीन काय.

आता तिसऱ्या आवृत्तीची बोलणी चालू आहेत आणि मी पुन्हा त्याच पत्रावर अडून बसलोय. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, विरामचिन्हं नसतात. सातव्या ओळीत सलग आहे : जाणेघडलेनाहीतरीउपायकाय. मी दोन्ही आवृत्त्यांत वाचलं, 'जाणे घडले. नाही तरी उपाय काय?' गेल्या महिन्यात एका विद्यार्थिनीनं तेच मोठ्यानं वाचलं, 'जाणे घडले नाही. तरी उपाय काय?'

तो निजामाकडे गेला होता की नाही, हेच आता मला सांगता येत नाही. प्रकाशक मात्र मलपृष्ठाचा मजकूर मागतोय.