पहाटे चार ते पहाटे चार

"काल पहाटे चार ते साडेचार काय करत होतात?"

२०१९ साली मी हा प्रश्न घरोघरी विचारत फिरले. लोक आपला दिवस कशात घालवतात हे विचारणारं एवढं मोठं सरकारी सर्वेक्षण देशात पहिल्यांदाच चाललं होतं आणि मी त्यात कंत्राटी अन्वेषक होते. मराठवाड्यातली गावं माझ्याकडे होती. गावांची नावं इथे लिहिणार नाही. माहिती घेताना आम्ही लोकांना गुप्ततेचा शब्द दिला होता, आणि कंत्राट संपलं म्हणून शब्द संपत नाही.

काम असं होतं. घरातल्या सहा वर्षांच्या आणि त्यापुढच्या प्रत्येकाला आदल्या पहाटे चारपासून आजच्या पहाटे चारपर्यंतचा दिवस विचारायचा. अर्ध्या अर्ध्या तासाचे ४८ रकाने. एका रकान्यात दोन-तीन कामं आली तर तीही नोंदवायची, त्यातलं मुख्य कोणतं ते विचारायचं, आणि शेवटी प्रत्येक कामाला तीन आकडी कोड द्यायचा. खेड्यात घड्याळ बघून कुणी दिवस काढत नाही, म्हणून आम्ही वेळ खुणांनी धरायचो. मुक्कामी एसटी कधी सुटते? डेअरीवर दूध कधी घालता? लाइट कधी गेली? "गाडी गेली तवा मी भाकरी थापीत होते" असं कुणी म्हटलं की सव्वासहा पक्के.

मी अर्थशास्त्रात एम.ए. केलं. गरिबी मोजायची आपल्याकडची रीत पोटापासून सुरू होते, हे तिथे शिकले. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ या अर्थतज्ज्ञांनी १९७१ साली पुण्याच्या गोखले संस्थेतून हिशेब मांडला: माणसाला दिवसाला २,२५० उष्मांक मिळतील एवढा तरी खर्च घर करू शकतं का? पुढे तेंडुलकर समितीच्या पद्धतीने २०११-१२ सालासाठी दारिद्र्यरेषा निघाली ती खेड्यात माणशी महिना ८१६ रुपये आणि शहरात १,००० रुपये. आता निती आयोगाचा बहुआयामी गरिबी निर्देशांक आहे. त्यात बारा गोष्टी बघतात: पोषण, शाळेची वर्षं, इंधन, संडास, पाणी, वीज, घर, बँकेतलं खातं वगैरे. यातलं काहीच मला वाया गेलेलं वाटत नाही. दांडेकर-रथांनी उपाशी माणूस सरकारच्या कागदावर आणून बसवला, ही फार मोठी गोष्ट होती. पण या सगळ्या मापांतून घरात काय आहे आणि घर काय विकत घेऊ शकतं एवढंच कळतं. त्या घरातल्या बाईचा दिवस कसा जातो, हे मला त्या ४८ रकान्यांतून पहिल्यांदा दिसलं.

मे महिना होता. आदल्या ऑक्टोबरात राज्यातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला होता. मी गेले त्या गावात टँकरचं पाणी विहिरीत सोडायचे आणि तिथून लोक शेंदून न्यायचे. सकाळी नऊच्या सुमाराला एका घरी बसले. मावशींचं वय पन्नासच्या पुढचं. नवरा ओसरीवर होता. मी प्रश्न विचारायच्या आधीच तो म्हणाला, "तिला काय इचारता? ती घरीच असती." मी म्हटलं, "काका, तुमचं वेगळं लिहिते. मावशींचं त्यांनाच सांगू द्या." आम्ही आत चुलीपाशी जाऊन बसलो.

सकाळचे रकाने पटापट भरले. झाडलोट, शेण काढणं, दूध, भाकरी, नातवाची आंघोळ, धुणं. मग दुपारी आलो.

"एक ते दीड?"

"बसले होते."

"कुठं?"

"लिंबाखाली."

"बरोबर कुणी?"

"समद्याच बायका होतो की."

"काय करत होतात?"

"काय करायचं? बोलत बसलो."

दीड ते दोन, तिथंच. दोन ते अडीच, तिथंच. असं करत साडेतीन वाजले. पाच रकान्यांत मी गप्पा आणि विसावा लिहिलं. मला आठवतं, मनातून बरंही वाटलं होतं, की चला, या बाईला दुपारचे अडीच तास तरी स्वतःचे मिळतात.

दुसऱ्या एका घरचं उरकून दोनच्या पुढे मी स्टँडकडे निघाले. वाटेत विहीर लागली. विहिरीपासून रस्त्यापर्यंत रांग होती, माणसांची नव्हे, भांड्यांची. प्लास्टिकच्या कळश्या, पितळी हंडे, तेलाचे पत्र्याचे डबे. रिकामी कळशी वाऱ्याने उडते, म्हणून कुणी आत दगड टाकून ठेवला होता, कुणी चार कळश्यांचे कान एका सुतळीत ओवले होते. आपलं भांडं ओळखू यावं म्हणून एकीवर लाल रंगाचा ठिपका, दुसरीला निळी चिंधी. पलीकडे लिंब होता आणि लिंबाखाली बायका बसल्या होत्या. मावशी त्यांच्यातच, मांडीवर चुंबळ घेऊन. टँकर कधी बाराला यायचा, कधी चारला. आला त्या वेळी आपण नसलो तर नंबर जायचा.

मी जवळ जाऊन विचारलं, "मावशी, काल दुपारी इथंच बसला होतात?"

"मग? रोज हितंच."

"सकाळी सांगितलं नाहीत."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "तू काम काय केलं ते इचारलं. बसणं काय काम हाय व्हय?"

चूक त्यांची नव्हती, माझी होती. "कशासाठी बसला होतात?" एवढा एक प्रश्न मी विचारला नव्हता. प्रशिक्षणात आम्हाला खोदून विचारायला शिकवलं होतं, आणि नेमकं तिथे मला उत्तर आवडलं म्हणून मी पुढे सरकले. तिथंच खाली बसून मी पाचही रकाने खोडले आणि 'पाणी आणणं' या कामाखाली लिहिले. तक्त्यात आणखी एक प्रश्न असतो: हा दिवस नेहमीचा होता की वेगळा? दुष्काळ म्हणून मी 'वेगळा' म्हणणार होते. मावशींना विचारलं तर म्हणाल्या, "नेहमीचाच की. संक्रांतीपासून असंच हाय."

मी दोनची गाडी धरली असती तर ती विहीर मला दिसलीच नसती. आणि सरकारदरबारी त्या अडीच तासांचा विसावा झाला असता. त्याआधी मी किती घरांत 'बसले होते' हे उत्तर तसंच लिहून घेतलं असेल, याची टोचणी अजून आहे.

त्या सर्वेक्षणाचे आकडे पुढच्या वर्षी आले. घरातल्या बिनपगारी कामात, म्हणजे स्वयंपाक, झाडलोट, धुणीभांडी यांत हात घालणाऱ्या बाईची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात आणि पुरुषाची ९७. त्यातही असं काम करणाऱ्या बाया ८१ टक्के आणि पुरुष २६ टक्के. २०२४ सालच्या सर्वेक्षणात ती मिनिटं २८९ आणि ८८ झाली. वर्तमानपत्रांत २९९ हा आकडा खूप गाजला आणि तो गाजायलाच हवा होता. पण तो वाचताना मला मावशींचे पाच रकाने त्यात सापडेनात, कारण ते त्यात नाहीतच. पाणी वाहून आणणं आणि सरपण गोळा करणं याचा गट वेगळा आहे: स्वतःच्या वापरासाठी वस्तूंचं उत्पादन. राष्ट्रीय उत्पन्न मोजायच्या नियमांत आणलेला हंडा हे उत्पादन आहे, पण त्याच हंड्यातल्या पाण्यात शिजवलेला भात नाही. शास्त्र म्हणून हे मला समजतं. उलट, पाणी आणणाऱ्या बाईला तिथे शेतकऱ्याच्या रांगेत बसवलंय हेही मला आवडतं. पण मावशींचा दिवस दोन तक्त्यांत वाटला गेला आणि लोकांनी एकच तक्ता वाचला. नुसत्या २९९ वर धोरणाची चर्चा करणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: शेजारचा गटही वाचा. मराठवाड्यातला उन्हाळा त्या गटात आहे.

दुसरी अडचण मला याहून मोठी वाटते. या सर्वेक्षणात देशभरातून एक लाख अडतीस हजारांवर घरं होती. त्यातून राज्याचं चित्र निघतं, तालुक्याचं नाही. टँकर मात्र गाव-तालुका बघून मंजूर होतो.

आणि आता नळ. २०१९ च्याच १५ ऑगस्टला जलजीवन मिशन जाहीर झालं: खेड्यातल्या प्रत्येक घरी नळ, माणशी दिवसाला ५५ लिटर पाणी. माझ्या आईच्या अंगणातही नळ आला. तो आल्याचा आनंद मी कमी लेखणार नाही. आईने चाळीस वर्षं डोक्यावरून पाणी वाहिलं, तिची मान आता दुखायची थांबली आहे. बहुआयामी निर्देशांकात पाण्याची कसोटी अशी आहे, की चांगलं पाणी घरात हवं, किंवा जाऊन-येऊन अर्ध्या तासाच्या आत मिळायला हवं. ज्या आरोग्य सर्वेक्षणावरून हा निर्देशांक काढतात, त्यात "जाऊन, पाणी घेऊन परत यायला किती वेळ लागतो?" असा प्रश्न आहे. पण नळ घरात किंवा अंगणात असेल तर तो विचारतच नाहीत. म्हणजे आईच्या घरी पाण्याला लागणारा वेळ शून्य.

आईच्या नळाला सहाव्या-सातव्या दिवशी पाणी येतं. येतं ते रात्री, आणि किती वाजता ते कुणाला माहीत नसतं.

मी आता ज्युनिअर कॉलेजात शिकवते. दरवर्षी अकरावीच्या मुलांना घरातल्या एका माणसाचे ४८ रकाने भरून आणायला सांगते. बहुतेक जण आईचे भरतात. यंदा मुलांबरोबर मीही भरायचं ठरवलं आणि आईला फोन लावला. दिवस भरत भरत रात्रीवर आलो.

"एक ते दीड?"

"जागी होते."

"का गं?"

"पाण्याचा दिवस होता ना. कान तिकडंच."

"काय करत होतीस?"

"काही नाही. पडले होते आपली."

या वेळी मी झोप लिहिली नाही. दीड ते दोन, तसंच. दोन ते अडीच, तसंच. पावणेतीनला नळ फुसफुसला. तीन ते साडेतीन टाकी आणि पिंप भरलं. साडेतीन ते चार हंडे आत घेतले, सांडलेल्या पाण्यावर अंगण धुऊन काढलं. चार वाजता माझे रकाने संपले. चारनंतरचं मला विचारायचं नव्हतं, तरी विचारलं.

"मग झोपलीस का थोडी?"

"आता कुठली झोप? पाचला दूधवाला येतो की."