निर्णय होताना त्या खोलीत असणे

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावी मी सध्या रजेवर आले आहे. वेचणी सुरू आहे. कमरेच्या ओटीत कापूस टाकता टाकता आईने विचारले, "कंपनीनं तुले नेमकं कायले ठेवलं वो बाई?" परदेशातील एका कंपनीत मी कॉर्पोरेट कम्युनिकेशन्स विभागाची प्रमुख आहे. "जे ठरलं ते लोकांले सांगाले," असे मी म्हणाले खरी, पण ते उत्तर मलाच पटले नाही.

२०१७ च्या हंगामात आमच्या जिल्ह्यात कीटकनाशकांच्या फवारणीतून झालेल्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. कारणे अनेक होती: डोक्यापर्यंत वाढलेली पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडे, एकत्र मिसळलेली औषधे, हातमोजे आणि मास्कचा अभाव. मला मात्र बाटलीवरची ती रंगीत चौकट आठवत राहते. तिच्यातला लाल रंग सर्वाधिक घातक, त्याखालोखाल पिवळा, निळा आणि हिरवा. माझ्या काकांनी आयुष्यभर या बाटल्या हाताळल्या, पण रंगांचा अर्थ त्यांना कोणी समजावून सांगितला नव्हता. चष्मा लावूनही न दिसणाऱ्या अक्षरांतले माहितीपत्रक ते पंपाचे तोंड पुसायला वापरत. ते पत्रक ठरवताना, पाठीवर पंप घेणाऱ्या माणसाच्या बाजूने बोलणारे कोणी तिथे असायला हवे होते, असे मला मनापासून वाटते.

माझ्या कामातही मी हेच अनुभवले आहे. एका जुन्या नोकरीत कारखान्याचा एक विभाग बंद करण्याचे ठरले आणि मला रात्री नऊ वाजता बोलावून सकाळपर्यंत निवेदन लिहायला सांगितले. मी ते लिहिले. कामगारांना मात्र बातमी पहाटे फाटकावरच्या रखवालदाराकडून कळली होती, आणि माझ्या नीटनेटक्या मराठमोळ्या वळणाच्या इंग्रजीला कोणी विचारले नाही. त्यानंतर मी प्रत्येक ठिकाणी नोकरी स्वीकारण्यापूर्वीच अट घातली, की संचालकांच्या बैठकीत मी पहिल्या मिनिटापासून बसेन. ही अट घालताना दोनदा मला बाहेरची, त्यातही बाई, म्हणून ऐकवले गेले; पण परक्या देशात रोज आपले म्हणणे दुसऱ्याच्या भाषेत मांडणाऱ्या बाईला समोरच्यापर्यंत काय पोचले नाही हे फार लवकर उमगते, आणि या पदासाठी ते फार मोलाचे आहे.

आनंदीबाई जोशी वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेला निघाल्या, त्याआधी १८८३ मध्ये श्रीरामपूरच्या, म्हणजे बंगालमधील सेरामपूरच्या, महाविद्यालयात त्यांनी आपण का जात आहोत हे जाहीर सभेत इंग्रजीतून सांगितले. तेव्हा त्या १८ वर्षांच्याही झाल्या नव्हत्या. आपल्या जाण्याविषयी लोक काय बोलतात ते ऐकून त्यांनी स्वतः उत्तर दिले, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

परवा शेजारच्या काकांची मुलगी परदेशी नोकरीचा करार घेऊन आली. "एकटी कशी राहील ते सोडा," असे काका म्हणाले, "पण याच्यात लिहिलं काय आहे?" ओसरीवर बसून आम्ही तिघांनी तो ओळ न् ओळ वाचला. तिचे पद कम्युनिकेशन्स विभागातलेच आहे. ती नेमकी कोणाच्या हाताखाली काम करणार, हे करारात कुठेच नव्हते. ते विचारणारी ईमेल तिने तिथेच बसून लिहिली.